जुन्या बाजारात मिळालेला दोन किल्ल्यांचा फ्रेंच दिवा – हा चालतो कसा?

तुलुझकर (धागाकर्ता)

मंडळी, गेल्या रविवारी तुलुझजवळच्या एका गावात 'वीद-ग्रेनिए' होता. शब्दशः अर्थ 'माळा रिकामा करणे'. गावातले लोक घरातली जुनी भांडी, खेळणी, पुस्तकं रस्त्यावर मांडून बसतात आणि आपल्यासारखे लोक ती विकत घेऊन स्वतःचा माळा भरतात. तिथे एका आजोबांकडून २५ युरोला एक दिवा घेतला.

चिनीमातीचं फुलदाणीसारखं अंग, खालीवर पितळेची कडी, वर गोल वातीचा बर्नर. काच नाही. मी रॉकेलचा लॅम्प समजून आणला. घरी येऊन पुसायला घेतला तर त्याला किल्ल्या निघाल्या दोन! लहान फिरवली की वात वरखाली होते, हे कळलं. दुसरी मोठी, फुलपाखरासारख्या पंखांची. ती अर्धा फेरा फिरते, आत करकर वाजतं आणि मग गप्प. रॉकेलच्या दिव्याला चावी कशाला द्यायची? आजोबांना विचारलं होतं, ते एवढंच म्हणाले, "सा मार्श पा." चालत नाही.

कुणाला काही माहिती?

खडूस_खविस

२५ युरोला न चालणारा दिवा. अभिनंदन. आता तुमच्या माळ्यावर टाका, म्हणजे चक्र पूर्ण होईल.

घड्याळजी

तुलुझकर, तो रॉकेलचा नाहीच. रॉकेल यायच्या आधीचा दिसतोय. तीन गोष्टी सांगा: मोठी किल्ली बर्नरच्या खाली, वरच्या बाजूला आहे की तळाशी? तळाच्या बैठकीला किल्लीचं भोक आहे का? आणि पितळेवर कुठे नाव ठोकलंय का?

तळाशी भोक असेल तर आत अख्खं घड्याळ असण्याची शक्यता आहे, आणि मग २५ युरोत तुम्ही त्या आजोबांना लुटलंत.

तुलुझकर

मोठी किल्ली वर, बर्नरच्या लगेच खाली. तळाला भोक नाही. नाव सापडत नाही, काळं पडलंय फार. घड्याळ म्हणजे?? दिव्यात???

घड्याळजी

हो, दिव्यात. माझा धंदा घड्याळदुरुस्तीचा होता, म्हणून ह्या दिव्यांचा नाद लागला. जरा मुळापासून सांगतो, नाहीतर तुमच्या किल्लीचा उलगडा व्हायचा नाही.

सगळी भानगड तेलाच्या चिकटपणाची आहे. वात तेल वर ओढते, पण घट्ट तेल ती फार उंच ओढू शकत नाही आणि भरभर तर मुळीच नाही. म्हणून हजारो वर्षं जगभरचे दिवे सारखेच: उथळ भांडं, काठावर वात, ज्योत तेलापासून बोट-दीड बोट वर.

हे पहिल्यांदा बदललं ते १७८० च्या सुमारास. आमी आर्गां हा जिनिव्हाचा माणूस. त्याचा उद्योग दारू गाळायचा, आणि तोही कुठे? लांगदोकमध्ये! म्हणजे तुलुझकर, तुमच्याच भागात. त्याने सपाट वातीची नळी केली. ज्योत झाली बांगडीसारखी गोल. हवा बाहेरून लागते तशी आतूनही लागते. वर काचेची चिमणी ठेवली की हवेला ओढ बसते. धूर गेला आणि उजेड पिवळ्याचा पांढरा झाला. १७८४ मध्ये जेफरसन (पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला तो) पॅरिसमध्ये होता, त्याने लगेच घरी पत्र धाडलं की हा नवा दिवा सहा ते आठ मेणबत्त्यांइतका उजेड देतो म्हणतात.

आर्गांने त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं, बर्मिंगहॅमच्या बोल्टनबरोबर धंदा मांडला, आणि दोन वर्षांत ते पेटंट कोर्टात रद्द झालं. इकडे पॅरिसमध्ये कँके नावाच्या औषधवाल्याने आणि लांज नावाच्या त्याच्या जोडीदाराने तोच दिवा आपला म्हणून खपवला. फ्रेंच भाषेत दिव्याला नाव पडलं 'कँके'. मेहनत एकाची, नाव दुसऱ्याचं.

जेवून येतो. पुढचं नंतर.

समई

वा, छान चाललाय धागा. एक गंमत: आपण जिला 'चिमणी' म्हणतो, ती पत्र्याची रॉकेलची, तिला बहुतेकदा काचेची चिमणी नसतेच! आणि 'कंदील' हा शब्द अरबीतून आला, अरबीत तो लॅटिन 'कॅन्डेला'वरून. शाळेत प्रकाशाचं एकक म्हणून घोकला तोच कॅन्डेला.

खडूस_खविस

पण मला एक कळत नाही. आपल्याकडे समई शतकानुशतकं बिनस्प्रिंगची, बिनचावीची चालली. पोथ्या वाचून झाल्या, लग्नं लागली. ह्या साहेबलोकांना दिव्यात घड्याळ घालायची हौस का?

घड्याळजी

खविसराव, प्रश्न बरोबर आहे, फक्त तो समईला विचारा. तिची ज्योत तेलाला चिकटून का असते? तेल चढत नाही म्हणून. आर्गांच्या गोल ज्योतीला समईच्या कितीतरी पट तेल लागतं. ते वातीच्या भरवशावर मिळत नाही, बर्नरच्या तोंडापर्यंत आणून द्यावं लागतं.

आर्गांने काय केलं, तर तेलाची टाकी बाजूला, उंचावर टांगली. कोंबड्यांना पाणी ठेवायचं उलटं भांडं असतं ना, पातळी खाली गेली की भकभक करून थोडं सोडतं? तसंच. चालायचं छान, पण टाकीची सावली पडायची. टेबलावर दिवा ठेवलात की समोरच्या माणसाचं अर्धं तोंड अंधारात. १८०९ मध्ये बोर्दिए-मार्सेने टाकीच बांगडीसारखी गोल करून ज्योतीभोवती फिरवली, म्हणजे सावली पातळ झाली. त्या दिव्याला 'ॲस्ट्राल' म्हणायचे.

खरा डाव त्याआधीच पडला होता. १८०० साली कार्सेल नावाच्या पॅरिसच्या घड्याळजीने (आमच्या जातभाईने) टाकी उचलून सरळ बुडाशी नेली. वर सावली पाडायला काही उरलंच नाही. पण तेल आता फूटभर खाली, ते वर कोण आणणार? त्याने बैठकीत चावीचं यंत्र बसवलं आणि त्यावर एक छोटा पंप चालवला. पंप कायम तेलात बुडालेला. यंत्र बेफाम सुटू नये म्हणून टोकाला पंख्याची पाती. आपल्या टोल्याच्या घड्याळात ठोके सावकाश पडावेत म्हणून जे फिरकीसारखं भिरभिरतं, तेच.

आणि ह्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट: पंप जळतं त्यापेक्षा जास्त तेल वर देतो. उरलेलं बर्नरवरून ओघळून परत खाली टाकीत. वाटतं वाया चाललंय, पण त्या ओघळाने वात थंड आणि ओली राहते, लवकर कोळपत नाही, आणि टाकी भरलेली असो की अर्धी, ज्योतीला फरक पडत नाही. संध्याकाळी जेवढी उंच, तेवढीच मध्यरात्री.

तुलुझकर

🤯 मग माझ्यात तळाशी यंत्र का नाही?

घड्याळजी

कारण तुमच्याकडे कार्सेलचा दिवा नाही, त्याचा स्वस्त भाऊ आहे. कार्सेलचा दिवा महाग, आणि बिघडला की घड्याळजीकडेच न्यावा लागे. (आम्हाला बरं.) १८३६-३७ मध्ये फ्रांशो नावाच्या माणसाने सगळी चाकं काढून टाकली. ठेवलं काय? एक दट्ट्या, त्याच्या डोक्यावर एक जाड स्प्रिंग, आणि दट्ट्या वर ओढायला दातेरी पट्टी. तुमची मोठी किल्ली ती पट्टी ओढते. मग स्प्रिंग दट्ट्याला सावकाश खाली रेटते आणि तेल मधल्या नळीतून वर चढतं.

लोखंडे_मेकॅनिकल

एक शंका. स्प्रिंगचा जोर सारखा कुठे असतो? पूर्ण दाबलेली असताना जास्त, सैल होत गेली की कमी. म्हणजे चावी दिल्यावर आधी कारंजं आणि शेवटी ठणठणाट व्हायला हवा.

घड्याळजी

शाब्बास! फ्रांशोची सगळी अक्कल तिथेच आहे. तेल चढायची नळी दट्ट्याबरोबर वरखाली सरकते. वरून एक बारीक निमुळती सळई त्या नळीत सोडलेली असते, ती जागची हलत नाही. दट्ट्या वर असतो तेव्हा सळई नळीत खोल घुसलेली, म्हणजे वाट अरुंद. नेमका तेव्हाच जोर जास्त. दट्ट्या उतरत जातो तसा जोर घटतो, पण नळी सळईवरून खाली सरकते आणि वाट मोकळी होत जाते. जोर गुणिले वाट, जमाखर्च जवळपास सारखा. त्या सळईला नाव होतं 'मोदेराटर'. अख्ख्या दिव्यालाच पुढे मॉडरेटर दिवा म्हणू लागले.

खडूस_खविस

म्हणजे इथल्या मॉडरेटरांसारखाच. जो जास्त जोरात येतो त्याची वाट अरुंद करायची, आणि दमला की मोकळा सोडायचा.

समई

😂😂 खविस, आयडी जपा.

लोखंडे_मेकॅनिकल

काय सुंदर आहे हे! ना झडप, ना गव्हर्नर (वेग आवरणारं यंत्र). एक निमुळती तार! ह्या फ्रांशोचं नाव मला वेगळ्याच कारणाने माहीत होतं. गरम हवेच्या इंजिनांमध्ये स्टर्लिंगचा एक दुहेरी प्रकार त्याच्या नावाने ओळखला जातो. तोच माणूस असेल असं वाटलंच नव्हतं.

तुलुझकर

अपडेट. काल रात्री धीर करून उघडला. बर्नर आट्यांवर होता, थोडं गरम पाणी आणि बऱ्याच शिव्या दिल्यावर निघाला. आत स्प्रिंग शाबूत! दातेरी पट्टीही. त्यावर मधासारखा घट्ट तपकिरी थर, शंभर-दीडशे वर्षांचं वाळलेलं तेल असावं. दट्ट्याच्या कडेला चामड्याची चकती होती, ती हात लावताच पापडासारखी मोडली. आतली तीही सळई दिसली. फोटो सावकाश टाकतो, हात अजून चिकट आहेत.

प्रश्न: दट्ट्या वर ओढताना त्याच्या वरचं तेल खाली कसं जातं? दुसरी वाट दिसत नाही.

लोखंडे_मेकॅनिकल

तुमच्या घरी पंपाचा स्टोव्ह होता का हो लहानपणी? त्यातला चामडी वॉशर आठवा. कप खालच्या बाजूला उघडा. दांडा वर ओढला की चामड्याची कड आत मुडपते आणि हवा बाजूने खाली शिरते. दाबला की तीच कड फाकून भिंतीला घट्ट बसते. इथे हवेच्या जागी तेल.

तुलुझकर

अरे देवा. बाबा दर महिन्याला तो वॉशर काढून खोबरेल तेलात बुडवून ठेवायचे आणि "चामडं सुकलं की स्टोव्ह रुसतो" म्हणायचे. मी फक्त रॉकेलच्या वासाला नाकं मुरडायचो.

घड्याळजी

मग आता तेच करा. वॉशर आयता मिळणार नाही, हा व्यास मोठा आहे. मऊ पण जाडसर गाईचं चामडं घ्या, कोमट पाण्यात भिजवा, योग्य मापाच्या वाटीवर ताणून बांधा, दोन दिवस सावलीत वाळू द्या. मग कडा कापा आणि तेल पाजा. आणि हात जोडून सांगतो, चिनीमातीवर, पितळेवर पॉलिश मारू नका. काळं पडलंय ते वयाने पडलंय.

पितळीभांडे

असहमत. पितळ चकचकीतच शोभतं. आमच्याकडे दिवाळीला चिंच लावून सगळं घासतात आणि काही बिघडत नाही.

घड्याळजी

तांब्या घासा, समई घासा. पण ह्या दिव्यांच्या कड्यांवर बरेचदा मुलामा असतो किंवा ब्राँझला मुद्दाम रंग आणलेला असतो. चिंच लावलीत की तो गेला, परत येत नाही. गान्यो नावाचे पॅरिसचे मोठे दिवेवाले होते, त्यांच्या दिव्यांना आज संग्राहक शोधत फिरतात, आणि निम्म्यांच्या पोटातून कुणीतरी यंत्र काढून विजेची वायर घातलेली असते. बाकी निम्म्यांत रॉकेलची वाटी. तुमचं यंत्र जागेवर आहे, हेच मोठं.

रसायन_शिकवणारी

उशिरा आले, पण तेलाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. ह्या दिव्यांत कोल्झाचं तेल जळायचं. कोल्झा म्हणजे आपल्या मोहरीच्याच घराण्यातली वनस्पती. कच्च्या तेलात चिकट द्रव्यं राहतात, ती वातीत अडकून काजळी धरते आणि बारीक पंप तर गुदमरतातच. १८०१ च्या सुमारास तेनार ह्या रसायनशास्त्रज्ञाने गंधकाम्लाने ते शुद्ध करायची पद्धत आणली. कार्सेलचा पंप आणि तेनारचं तेल एकाच वेळी आले, म्हणून जमलं. नुसत्या यंत्राने काही झालं नसतं.

आणि कार्सेलची ज्योत इतकी स्थिर होती की फ्रान्समध्ये तिचंच माप झालं. द्युमा आणि रेन्यो ह्या दोघा शास्त्रज्ञांनी ठरवलं: ३० मिलिमीटर व्यासाची वात, तासाला ४२ ग्रॅम शुद्ध कोल्झा तेल जाळणारा दिवा, त्याचा उजेड म्हणजे एक 'कार्सेल'. आजच्या हिशेबात साधारण पावणेदहा कॅन्डेला. पॅरिसच्या गॅसकंपनीचा गॅस कसाला उतरतो का, हे ह्या तेलदिव्याशेजारी गॅसची ज्योत ठेवून तपासायचे. दिवा तराजूच्या पारड्यात! तेल किती जळलं ते वजनावरून.

खडूस_खविस

म्हणजे तेलाच्या दिव्याला हटवणाऱ्या गॅसला पास-नापास तेलाचा दिवाच करत होता. हे आवडलं. मागचे शब्द मागे घेतो. (सगळे नाही.)

दर्यावर्दी

मी बोटीवर असतो, म्हणून दीपगृहांचं सांगतो. फ्रेनेलचं भिंग सगळ्यांना माहीत आहे. जिरोंद नदीच्या मुखाशी कोर्दुआँचं दीपगृह आहे, तिथे १८२३ मध्ये ते पहिल्यांदा लागलं. पण भिंग उजेड गोळा करतं, निर्माण करत नाही. फ्रेनेल आणि आरागोने मिळून त्यासाठी एकात एक अशा चार गोल वातींचा बर्नर केला. एवढ्या आगीत बर्नरच वितळायचा किंवा तेल उकळायचं. उपाय कुठला? कार्सेलचाच. यंत्राच्या पंपाने गरजेपेक्षा कितीतरी जास्त तेल वर सोडायचं आणि ओघळू द्यायचं, म्हणजे तेलच बर्नरला थंड ठेवतं. घड्याळजींनी वर जो ओघळ सांगितला, त्याच्या जिवावर जहाजं खडकांपासून लांब राहिली.

तुलुझकर

हे भलतंच कुठल्याकुठे चाललंय, मस्त.

मध्येच एक: आमच्या ऑफिसात काही गोंधळ झाला आणि खालच्या माणसावर शेकलं की फ्रेंच लोक म्हणतात, "लांपिस्तची चूक." मला वाटायचं लांपिस्त म्हणजे कुणीतरी अधिकारी. आज कळलं, लांपिस्त म्हणजे दिवे पुसणारा, तेल भरणारा गडी. गाडी रुळावरून घसरली तरी दोष दिवेवाल्याचा!

समई

मग हे सगळं संपलं कशाने? विजेने?

घड्याळजी

नाही, त्याच्या खूप आधी. रॉकेलने. १८५० नंतर खनिज तेल आलं आणि ते पाण्यासारखं पातळ. वातीतून आपसूक चढतं, बोटभर नाही, चांगलं वीतभर. पंप नको, स्प्रिंग नको, सळई नको. खाली एक काचेची वाटी आणि वर वात, झालं. पन्नास-साठ वर्षं ज्या अडचणीवर पॅरिसचे कारागीर डोकं लढवत होते, ती अडचणच राहिली नाही. आर्गांची काचेची चिमणी तेवढी टिकली, ती आपल्या आज्यांच्या लॅम्पवरही होती.

म्हणून तुलुझकर, एक गोष्ट जपून: ह्या दिव्यात चुकूनही रॉकेल घालू नका. दट्ट्या ते भसाभस वर ढकलेल आणि ओघळणारं रॉकेल म्हणजे पेटलेलं टेबल. कोल्झाच हवं.

तुलुझकर

कोल्झा इथे कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटात लिटरच्या बाटलीत मिळतं, सॅलडवर घालायला. चालेल?

रसायन_शिकवणारी

रिफाइन्ड असेल ते घ्या. घाण्याचं, वासाचं, 'नैसर्गिक' वगैरे लिहिलेलं नको. तेच गाळ धरतं.

तुलुझकर

(तीन आठवड्यांनी)

मंडळी, पेटला.

पहिला कप फसला, वाटी लहान निघाली. दुसरा बसला. काचेची चिमणी मापाची मिळेना, शेवटी दुसऱ्या एका बाजारात जुनी सापडली, दिव्याच्या निम्म्या किमतीला. काल संध्याकाळी तेल भरलं, मोठी किल्ली पूर्ण फिरवली. दोन मिनिटं काहीच नाही. मग बर्नरच्या काठावर तेलाचा एक थेंब फुगला, तो आत ओघळला, मागून दुसरा. वात पेटवली, काच ठेवली, आणि ज्योत एकदम उभी राहिली. पांढरी! धूर नाही, थोडा फोडणीच्या आधीचा वास. खोली शांत असली की आत तेल टपकल्याचा बारीक आवाज येतो.

साडेतीन तासांनी ज्योत बसायला लागली, परत चावी दिली. मुलगी म्हणाली, "बाबा, दिव्याला रीचार्ज?" लोखंडे, ज्योतीची उंची दर अर्ध्या तासाने पट्टीने मोजली, पहिल्या अडीच तासांत डोळ्यांना फरक दिसत नाही. सळई काम करते!

लोखंडे_मेकॅनिकल

आकडे टाका हो, आलेख काढतो.

खडूस_खविस

पंचवीस युरो वसूल. नाइलाजाने मान्य.

घड्याळजी

डोळे भरून आले बुवा. आता एक शेवटचं. रोज लावणार नसाल तर तेल आत ठेवू नका, पुन्हा मधासारखा थर धरेल. स्प्रिंगही ताणलेली सोडू नका, दट्ट्या पूर्ण खाली जाऊ द्या, तेल काढा, चामड्याला तेवढा ओलावा राहू द्या.

तुलुझकर

आज रात्रीच रिकामा करतो. ते तेल सॅलडच्या बाटलीत परत ओतायचं नाही, हे बायकोने आधीच बजावलंय.